सोळाव्या वर्षीची भूक, अडतिसाव्या वर्षीचा निर्णय

1896 च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या पुण्यात येऊ लागल्या, तेव्हा पंडिता रमाबाईंजवळ घरी थांबायला भरपूर कारणं होती आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. विधवांना शिकवण्यासाठी काढलेलं त्यांचं शारदा सदन तीन वर्षांपूर्वीच्या धर्मांतराच्या वादळातून कसंबसं सावरत होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी संस्थेतून अंग काढून घेतलं होतं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, ती मुदत संपत आली होती. मुंबईत प्लेग शिरला होता आणि पुणं त्याची वाट पाहत होतं. स्वतः रमाबाई अडतीस वर्षांच्या, विधवा, कानांनी अधू, पदरी एकच मुलगी.

तरी त्या गेल्या. दुष्काळी भागातल्या छावण्या आणि अनाथगृहं त्यांनी पायांखाली घातली आणि तीनशेच्या आसपास मुली आणि विधवा परत आणल्या. त्या मुलींना ठेवायला घर नव्हतं, खाऊ घालायला पैसा नव्हता. या एका निर्णयातून पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं.

दुःख सोसूनही आयुष्याला अर्थ कसा सापडतो, या प्रश्नावर लिहिताना मी हे प्रकरण निवडलं, कारण यात सोपं उत्तर कुठेच बसत नाही. दुःखानं माणूस घडतो असं आपण सहज म्हणून जातो. रमाबाईंच्या घरातली पाच माणसं एकाच दुःखातून गेली. त्यातली तीन आधीच गेली, चौथा काही वर्षांनी गेला. घडली ती एकटी, आणि तीही त्या दुःखामुळे आपोआप घडली असं म्हणवत नाही. मधे वीस-बावीस वर्षं आहेत. त्या वर्षांत काय झालं ते पाहिल्याशिवाय या निर्णयाचा उलगडा होत नाही.

डोंगरावरचे अकरा दिवस

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकले. गुरुजी पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवायचे. ते पाहून या तरुण शास्त्र्याच्या मनात आलं की आपल्याही बायकोला शिकवायचं. पहिल्या लग्नात घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. पुढे चव्वेचाळिसाव्या वर्षी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं आणि या वेळी त्यांनी हट्ट पुरा केला. बाईला देवभाषा शिकवतो म्हणून गावानं दोषी धरलं. उडुपीच्या पंडितसभेपुढे त्यांनी शास्त्राधार काढून दाखवले, सभेनं ते मान्य केले. पण गावकऱ्यांचा राग गेला नाही. मग ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात आश्रम बांधून राहिले. 1858 च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचा जन्म तिथला.

घर कर्जात बुडालं आणि कुटुंब बाहेर पडलं. तीर्थातून तीर्थात फिरायचं, देवळात पुराण सांगायचं, लोक पुढ्यात टाकतील त्यावर जगायचं आणि उरलेलं दानधर्मात घालायचं. आईनं चालता चालता, मुक्काम करता करता रमाबाईंना शिकवलं. भागवताचे अठरा हजार श्लोक तोंडपाठ झाले ते या वाटेवर.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. या कुटुंबाचं वागणं आज वाचताना जीव तुटतो. जवळ होतं ते सगळं त्यांनी देवासमोर ठेवलं. अनुष्ठानं केली, प्रदक्षिणा घातल्या, ब्राह्मणांना दक्षिणा दिल्या. पैसे संपल्यावर दागिने, मग चांगली वस्त्रं, मग तांब्या-पितळेची भांडी विकली. मजुरी करायची नाही, कारण ती आपल्या जातीला शोभत नाही. भीक मागायची तर जीभ उचलत नाही. तिरुपतीच्या परिसरात शेवटचे जाडेभरडे तांदूळही संपले आणि अकरा दिवस, अकरा रात्री ही पाच माणसं पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यावर राहिली.

तेव्हा अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. वय झालेलं, दृष्टी गेलेली, शरीर थकलेलं. एकेकाला जवळ घेऊन ते निरोप घेऊ लागले. धाकटी म्हणून रमाबाईंचा नंबर शेवटी आला. मी तुला देवाच्या हाती सोपवलंय, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचं ते बोलले. हे शब्द रमाबाई कधी विसरल्या नाहीत. तो देव कोणता, याचं त्यांचं उत्तर मात्र पुढे बदललं.

समाधी झाली नाही. भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो, जातीचा अभिमान पुरे झाला. सगळे डोंगर उतरले. पण उशीर झाला होता. वडील तापानं गेले. नंतर काही आठवड्यांत रायचूरला आई गेली. आजारात ती खायला मागत होती. रमाबाई शेजारच्या ब्राह्मण बाईकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, पण शब्दच फुटेना, नुसते अश्रू. त्या बाईनं ओळखून भाकरी दिली. ती आईच्या तोंडाशी नेली तेव्हा आईला खायची ताकद उरली नव्हती. मयताला खांदा द्यायला कुणी येईना. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. चौथा खांदा रमाबाईंचा. उंची कमी, म्हणून तिरडीचा दांडा खांद्यावर येईना, त्यांनी तो डोक्यावर घेतला आणि स्मशान मैलोगणती दूर होतं. थोड्याच काळात थोरली बहीण कृष्णाबाई पटकीनं गेली.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी. या कुटुंबाकडे दुःखाचा अर्थ आधीपासून तयार होता, आणि तो साधासुधा नव्हता. हजारो वर्षांच्या ग्रंथांतून आलेला होता. पूर्वजन्मीचं पाप, या जन्मीचं पुण्य, देवाची परीक्षा. त्यांनी त्या अर्थावर सर्वस्व लावलं. तो अर्थ त्यांना भाकरी तर देऊ शकला नाहीच, उलट हातपाय हलवून भाकरी मिळवण्यापासून त्यानं अडवलं. दुःखात अर्थ शोधा असं सांगणाऱ्यांनी हा भाग वाचावा असं मला फार वाटतं. अर्थ असणं पुरेसं नसतं. चुकीचा अर्थ माणसाला उपाशी मारू शकतो.

वाळूत पुरून घेतलेली रात्र

उरली दोन भावंडं. पुढची काही वर्षं त्यांनी हजारो मैल पायी तुडवले, पार काश्मीरपर्यंत. अंगावर पुरेसं पांघरूण नाही. झेलमच्या काठी एका थंडीच्या रात्री दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. भूक लागली की रानबोरं बियांसकट चावायची.

या भटकंतीत श्रद्धा एकेक पापुद्र्यानं सुटत गेली. उत्तरेतल्या एका तीर्थाच्या तळ्यात तरंगत्या टेकड्या होत्या. पुण्यवान माणूस काठाशी उभा राहिला तर टेकडी त्याच्याकडे चालत येते, अशी ख्याती. तळ्यात सुसरी आहेत, उतरू नका, असं पुजारी बजावत. श्रीनिवास पहाटे कुणी नसताना पोहत गेला. टेकड्या म्हणजे तराफ्यांवर रचलेली माती आणि त्यात लावलेली झाडं. यात्रेकरूंनी पैसे दिले की मागून कुणीतरी त्या ढकलत असे. या प्रसंगात कडवटपणा यायला किती जागा होती! वडिलांनी ज्यापायी जीव टाकला, ते हे. रमाबाईंनी तो प्रसंग लिहिला तो मात्र साध्या निवेदनासारखा, जणू साक्ष देताहेत.

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मुलगी, संस्कृतात अस्खलित बोलणारी, श्लोक रचणारी. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. गोष्ट इथे संपली असती तर छानच. पण 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तो ब्राह्मण नव्हता, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. 1881 च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली. 1882 च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. रमाबाईंना चोविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

डॉक्टर व्हायचं राहिलं

पुण्यात आल्यावर त्यांना पहिल्यांदा काम सापडलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नाहीत आणि लाजेनं मरतात, तेव्हा बायकांना डॉक्टर करा, हा त्या साक्षीतला गाभा. स्वतःच डॉक्टर व्हायचं त्यांनी ठरवलं. पुस्तकाच्या विक्रीचे पैसे प्रवासाला लावले आणि 1883 मध्ये मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या.

ते झालं नाही. ऐकू येणं कमी होत चाललं होतं आणि बहिऱ्या कानांनी वैद्यकी शिकता येणार नव्हती. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी इंग्लंडातल्या वाँटेजला विष घेऊन जीव दिला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीला रमाबाईंनी आणि मनोरमेनं ख्रिस्ती दीक्षा घेतली. महाराष्ट्रात केवढा गहजब झाला ते सांगायला नको.

आयुष्याचं ध्येय सापडलं की मार्ग मोकळा होतो, अशी एक समजूत असते. इथे ध्येय ठरल्यावर वर्षाच्या आत दार बंद झालं, तेही शरीरानंच बंद केलं. रमाबाईंनी शिकवण्याकडे मोर्चा वळवला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकल्या आणि शिकवतही राहिल्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच राहून त्यांनी बालशिक्षणाची फ्रोबेलची पद्धत अभ्यासली, हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, व्याख्यानं देत देशभर हिंडल्या. त्यातून बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभं राहिलं आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. विधवांना शिकवून पायावर उभं करायचं, एवढाच हेतू.

पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नातू होत्या. लहानपणीच वैधव्य आलेली कोकणातली मुलगी. 1893 मध्ये त्यांचं लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झालं आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी झिजलेल्या बाया कर्वे त्या याच. रमाबाईंनी दुसरं काही केलं नसतं तरी हे एक नाव पुरेसं झालं असतं.

पुढे सदन पुण्याला हललं. तिथे मुलींना जातीचे आचार, सोवळं-ओवळं पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे जाऊन बसत. 1893 मध्ये ‘केसरी’नं रान उठवलं, पालकांनी मुली काढून नेल्या, सुधारक मागे हटले. तेव्हापासून रमाबाई पुण्यात जवळजवळ एकट्या पडल्या.

दुसरा दुष्काळ

आता पुन्हा 1896. दुष्काळाची ठिणगी बुंदेलखंडाकडे पडली आणि मध्य प्रांत होरपळला. सरकारी यंत्रणेकडे दुष्काळ संहिता होती: धडधाकट माणसांना खडी फोडायची, तळी खणायची कामं, कामाच्या मापानं मजुरी आणि अगदीच खंगलेल्यांना अन्नछत्रासारखी दरिद्री-गृहं. कागदावर व्यवस्था होती. त्या व्यवस्थेत एकट्या मुलीचं काय होतं, हे कागदावर नव्हतं.

रमाबाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी नंतर लिहिलं त्यात आपल्या पहिल्या दुष्काळाशी या जाण्याचा संबंध स्वतःच जोडला आहे. आईबाप मेलेली, अंगावर चिंध्या असलेली तरुण मुलगी रस्त्यावर किती सहज गिळली जाते, हे त्या स्वतः त्या रस्त्यावरून चाललेल्या असल्यानं जाणत होत्या. त्यांचा बचाव झाला तो भाऊ सोबत होता म्हणून. शिवाय थोड्या आधी त्या तीर्थवासिनीच्या वेशात वृंदावनाला जाऊन आल्या होत्या आणि देवाच्या नावाखाली तिथे विधवांचं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. छावण्यांमध्येही त्यांना तेच दिसलं. मुली हेरणारे पुरुष होते, गोड बोलून मुली नेणाऱ्या बायका होत्या, ज्यांच्या हाती धान्य आणि व्यवस्था होती त्यांच्यातही असे होते.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते इथे आहे. वडील का मेले, याचा अर्थ रमाबाईंना कधी लागला का? त्यांच्या लेखनात मला तरी तो दिसत नाही. आई भाकरी न खाता गेली, याचं समर्थन कुठेच नाही. त्या दुःखाला त्यांनी नंतर सोन्याचा मुलामा दिला नाही. त्या दुःखातून त्यांच्यापाशी उरलं ते ज्ञान होतं. भुकेनं माणूस कसा वागतो, मागायला गेल्यावर घसा कसा दाटतो, कुणाच्या नजरेत काय असतं, कुठली मदत फसवी असते. हे ज्ञान पंडितसभेत उपयोगाचं नव्हतं, बॉस्टनच्या व्याख्यानात थोडंफार होतं. मध्य प्रांतातल्या छावणीत ते अन्नाइतकं कामाचं ठरलं.

आणि त्यासाठी वीस वर्षं जावी लागली. हे मुद्दाम सांगतोय, कारण माणूस गेलेल्या घरात आपण तेराव्यानंतर लगेच विचारू लागतो, यातून तू काय शिकलास, पुढे काय करणार. सोळा वर्षांच्या रमेला कुणी असं विचारलं असतं तर तिच्याजवळ काय उत्तर होतं?

केडगावच्या माळावर

आणलेल्या मुलींची अवस्था रमाबाईंनी काही न लपवता लिहिली आहे. हाडांवर कातडं, डोक्यात उवा आणि जखमा, पोट बिघडलेली, काही येऊनही वाचल्या नाहीत. चोऱ्या, मारामाऱ्या, शिवीगाळ रोजची. अन्न समोर असूनही लपवून ठेवायचं, कारण उद्या मिळेल यावर विश्वास नव्हता. एक अफवा तर त्यांच्यात घट्ट बसली होती: ही ख्रिस्ती बाई आपल्याला खाऊ-पिऊ घालून लठ्ठ करणार, मग उलटं टांगून खाली जाळ करणार आणि अंगातलं तेल काढून विकणार. त्यामुळे चांगलं जेवण मिळालं की मुली जास्तच घाबरायच्या.

ज्या मदतीला माणूस घाबरतो ती मदत करत राहायला काय लागतं, याचा विचार करा. आभार मिळत नाहीत, पळून जाणाऱ्यांना शोधून आणावं लागतं, जखमा धुताना हात चावले जातात. ध्येय वगैरे शब्द तिथे टिकत नाहीत, तिथे रोजची पंगत आणि रोजची आंघोळ टिकते.

तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात नव्या माणसांची भर घालू नका, असा हुकूम अधिकाऱ्यांनी केला. शारदा सदनाच्या उत्पन्नासाठी रमाबाईंनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती, तिथे फळझाडं लावली होती. माणसांनी राहावं असं तिथे काही नव्हतं. मुलींना तिथे नेलं, तंबू ठोकले, झोपड्या उभारल्या. याच काळात पुण्याच्या प्लेग इस्पितळातली आणि विलगीकरण छावण्यांतली बायकांची हालत पाहून त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. त्यात सदनातल्या एका मुलीच्या बाबतीतली तक्रार होती. ज्या सरकारच्या मदतीवाचून निराश्रित मुली आणणं अवघड, त्याच सरकारवर बोट ठेवायला त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही.

काम कसं चाललं? शारदा सदनातल्या जुन्या मुलींनी नव्या मुलींची देखभाल हाती घेतली. पाच-सात वर्षांपूर्वी ज्या स्वतः मुंडण केलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या आल्या होत्या, त्या आता दुसऱ्यांचे केस विंचरत होत्या, अक्षरं गिरवून घेत होत्या. संस्थेच्या अहवालात हे एखाद्या ओळीत उरकतं, पण केडगावचं सगळं यश मला या एका व्यवस्थेत दिसतं. दुःखी माणसाला सांत्वन लागतं, हे खरंच, पण आपली कुणाला तरी गरज आहे हेही लागतं, आणि हे दुसरं त्याला क्वचितच दिलं जातं. रमाबाईंनी कामाची वाटणी अशी केली की प्रत्येकीवर कुणीतरी अवलंबून असेल.

1899-1900 मध्ये गुजरात-राजपुतान्यात छप्पन्नाचा (विक्रम संवत 1956 मधला) दुष्काळ पडला, तेव्हा मुली आणायला केडगावचे कार्यकर्ते गेले. केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग लावले, तेलाचे घाणे, गोठा, शिवणकाम, छापखाना. ज्या बायकांना समाजानं ‘वाया गेलेल्या’ ठरवलं होतं त्यांच्यासाठी कृपा सदन. आंधळ्या मुलींसाठी बर्तिमी सदन; मनोरमा अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आली होती, तिनं तिथे ती शिकवली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, कागद चढवणाऱ्या बायकाच होत्या.

जे पटत नाही तेही

या प्रकरणाची एक बाजू सोडून पुढे जाता येत नाही. मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनातली मोकळीक तिथे नव्हती. उपाशी, अनाथ, अल्पवयीन मुलीला अन्नाबरोबर धर्मही मिळत असेल, तर तिनं तो निवडला असं म्हणता येईल का? टिळकांच्या टीकेतला त्वेष बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. त्याचं समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही.

पण उलट प्रश्नही टाळता येत नाही. त्याच छावण्यांमध्ये इतर कोण गेलं होतं आणि त्या मुली कुणी घरी आणल्या असत्या? टीका करणाऱ्यांच्या घरांत किती जणींना जागा होती? रमाबाईंचा अर्थ त्यांच्या वडिलांच्या अर्थासारखाच धर्मातून आला, हेही खरं आहे. फरक एवढा की वडिलांच्या धर्मानं त्यांना मजुरी करू दिली नाही आणि मुलीच्या धर्मानं तिला दुसऱ्याच्या डोक्यातल्या उवा काढायला बसवलं. माझ्या लेखी धर्माचं नाव गौण आहे, त्या धर्मानं हाताला काय काम दिलं हे पाहावं.

या अर्थाची किंमत रमाबाईंनी एकाकीपणानं मोजली. ज्या मराठी समाजानं 1882 मध्ये त्यांना डोक्यावर घेतलं, त्यानं पुढे त्यांचं नाव घेणं सोडलं. कितीतरी वर्षं शाळेच्या पुस्तकांत आनंदीबाई जोशी होत्या, रमाबाई रानडे होत्या, या रमाबाई एखाद्या ओळीपुरत्या.

मनोरमा

काम मार्गी लागलं, आता तरी दुःख थांबेल, असं वाटायची सोय या आयुष्यात नाही. मनोरमाबाई शिकून परत आल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, शारदा सदनाच्या मुख्य झाल्या, गुलबर्ग्याला त्यांनी शाळा काढली. आईनंतर संस्था त्याच सांभाळणार हे ठरलेलं होतं. 24 जुलै 1921 रोजी त्या मिरजेला गेल्या. चाळीस वर्षांच्या होत्या. रमाबाईंच्या रक्ताचं आता कुणी उरलं नाही.

अशा प्रकरणात आपल्याला वाटतं की ध्येय असलेलं माणूस असा घाव झेलून जातं. ते झेललं की नाही हे आपल्याला बाहेरून कसं कळणार? जे कळतं ते एवढंच की काम थांबलं नाही. रमाबाई कितीतरी वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, आणि तेही अडाणी बायकांना समजेल अशा भाषेत. संस्कृतावर जिनं देशभरच्या पंडितांना गप्प केलं होतं, ती संस्कृतप्रचुर शब्द टाळत बसली होती. मनोरमेच्या मागे त्या साडेआठ महिने जगल्या. त्यात मुद्रितं तपासणं चालू होतं, आणि ती तपासून संपवायची घाई होती. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं, केडगावच्याच छापखान्यातून, तिथल्याच बायकांच्या हातून. मुक्ती मिशन अजून केडगावला आहे आणि तिथे निराधार बायका-मुली आजही राहतात.